आधी बाटली, मग पोहे

नोकरी काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगायची, “पाणी बघते.” त्यावर आमच्या बारामती-इंदापूरकडचा माणूस हमखास विचारणार, “मग तळहातावर नारळ उभा राहतो का हो तुमच्या?” बोअर कुठं घ्यायचं ते नारळ धरून सांगणारी माणसं आमच्याकडे गावोगाव आहेत आणि त्यांचा मान माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. मी सांगायची, नाही हो, जमिनीखालचं पाणी शोधणारी ती मी नव्हे. वर जे दिसतंय ते पाणी धड आहे का आणि पुढं धड राहील का, एवढंच मी सांगते. “एवढंच?” असा चेहरा करून माणूस निघून जायचा.

तर एवढंच काम मी जन्मभर केलं. बारामतीत आमची प्रयोगशाळा होती. दोन खोल्या, काचेची भांडी, एक तराजू आणि एक फ्रीज. फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात पाण्याचे नमुने आणि खालच्या कप्प्यात साहेबांचं ताक. एकदा उलट झालं होतं, पण ती गोष्ट साहेब हयात आहेत तोवर मी लिहिणार नाही.

लोक आपापलं पाणी घेऊनही यायचे. कळसचे एक आबा एकदा थंड पेयाच्या बाटलीत पाणी घेऊन आले. बाटलीला हळदीकुंकू लावलेलं. म्हटलं, “आबा, विहीर कुठली?”

“माझी न्हाय. व्हणाऱ्या जावयाची.”

“मग तुम्ही का आणलंत?”

“लेक द्यायचीय तितं. पोरगा बघितला, घर बघितलं, रान बघितलं. म्हणलं, जल्मभर प्यायचंय ते पाणी बी बघून घ्यावं.”

इतकं शहाणं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही. पाणी थोडं जड निघालं, बाकी ठीक होतं. आबांनी तो कागद घडी घालून टोपीत ठेवला आणि लग्नाला मला आग्रहाचं आमंत्रण आलं. पंगतीत मी पाणी पिताना अख्खा मांडव माझ्या तोंडाकडे बघत होता.

पण माझं खरं काम विहिरींचं नव्हतं, उजनीचं होतं. धरणाची भिंत तिकडं सोलापूर जिल्ह्यात आणि मागं तुंबलेलं पाणी आमच्या इंदापूर तालुक्यात लांबवर पसरलेलं. त्याला सगळे बॅकवॉटर म्हणतात. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात, मग पुण्या-मुंबईची माणसं मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात आणि म्हणतात, अहाहा, काय सुंदर! मीही म्हणायची. पण माझं लक्ष पक्ष्यांच्या पायांकडे, पाणी कुठल्या रंगाचं आहे तिकडे. सवय वाईट असते.

एवढ्या मोठ्या पाण्याला धोका कसला, असं लोक विचारतात. सांगते. वरच्या अंगाची शहरं आपलं सांडपाणी नदीत सोडतात. आम्ही शेतकरी उसाला मूठभर लागतं तिथं घमेलंभर खत घालतो, ते पावसात वाहून खाली येतं. माझ्या सासरचा ऊसही त्यात आहे, उगाच दुसऱ्याकडे बोट कशाला दाखवू? हे सगळं खाऊन पाण्यात शेवाळ माजतं. उन्हाळ्यात पाणी पालकाच्या भाजीसारखं हिरवं होतं. असं पाणी कुठवर तग धरेल, कुठं आधी बिघडेल, आणि त्यातल्या जिवांचं काय होईल, हे आधीच ओळखायचं, याला आमच्या भाषेत धोक्याचं मूल्यमापन म्हणतात. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात होडीत बसून बाटल्या भरायच्या.

पाण्याकाठी एक वस्ती आहे. नाव लिहीत नाही, तिकडचे ओळखतीलच. तिथले दशरथतात्या मासेमार. उंच, वाळलेले, बोलायला कंजूष. तिथल्या मासेमारांच्या मंडळाचे ते म्होरके. त्यांच्या होडीतून मी नमुने घ्यायची. पाण्यात बुडालेल्या जुन्या बाभळींचे शेंडे वर दिसतात, तिथली जागा ठरलेली. आणि तात्यांच्या घरी कमलकाकी. तात्यांनी आयुष्यात जेवढे शब्द वाचवले, तेवढे काकी रोज सकाळी खर्च करायच्या.

महिन्यातून एकदा मी आणि आमचा ड्रायव्हर बबन, जीपने बारामतीहून निघायचो. भवानीनगरला बबनला चहा लागायचा. पुढं कुठंतरी टायरमधली हवा बघायची असायची. वस्तीवर पोचेपर्यंत दहा वाजायचे. दारात पाय ठेवला की काकींचा आवाज, “आल्या का बाई! बसा, पव्हं केल्यात.”

मी म्हणायची, “काकी, आधी पाण्यावर जाऊन येते.”

“उपाशी पोटी पाण्यावर? माझ्या दारातनं? आवं, काय बोलताय! माणूस पाण्यावर निघालं की तोंडात घास पाहिजे. आमच्यात रीतच हाय ती.”

आणि पोहे तरी कसले! शेंगदाणे सढळ, वर ओलं खोबरं, बाजूला तळलेली मिरची. बबन तर जीप थांबते न थांबते तोच उतरायचा. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, काकींच्या सुनेचं बाळ मांडीवर घ्यायचं, आणि मग कुठं अकराच्या सुमारास होडी सुटायची. वर्षानुवर्षं हे असंच.

आता बाटलीचं सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्या बाटलीचीच आहे. माणसाला जशी हवा लागते तसा माशाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. तो आहे का नाही हे जागेवरच कळतं. छोटी काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, आत बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही. मग त्यात दोन औषधं थोडी थोडी सोडायची आणि बूच लावून हलवायची. प्राणवायू असेल तर आत तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा. मोजमाप नंतर प्रयोगशाळेत, पण रंग तिथल्या तिथं दिसतो.

काकी एकदा हौसेने होडीत आल्या होत्या. बाटली तपकिरी झालेली बघून म्हणाल्या, “अगं बया, च्या झाला की ह्याचा!”

मी म्हटलं, “चहा झाला म्हणजे चांगलं. दूध राहिलं तर वाईट.”

तेव्हापासून मी परत आले की त्यांचा प्रश्न ठरलेला, “काय झालं? च्या का दूध?” आणि मी दर वेळी सांगायची, “चहा, काकी.” अहवालात लिहायची, प्राणवायू समाधानकारक. खाली माझी लफ्फेदार सही.

तात्या उन्हाळ्यात एखाद्या वेळी वल्हं मारता मारता म्हणायचे, “पहाटं या की एकदा, बाई.” मी म्हणायची, “येईन हो तात्या.” ते पुन्हा म्हणायचे नाहीत. तीन उन्हाळे त्यांनी असं एकेकदा म्हटलं. मला वाटायचं, पहाटेचं पाणी सुंदर दिसतं म्हणून बोलावतात. कपाळ माझं!

त्या तिसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस तात्या स्वतः बारामतीला प्रयोगशाळेत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. स्वच्छ धोतर, हातात पिशवी. खुर्ची दिली तरी बसेनात. पिशवीतून एक लखोटा काढून माझ्यापुढे ठेवला.

“ह्यात काय लिवलंय तेवढं वाचून दावा.”

सरकारी नोटीस होती. पाण्यावर मेलेले मासे तरंगताना आढळतात. मासेमार औषध टाकून मासे मारतात, अशी तक्रार आहे. पाण्यात दोष नाही असं तपासणी अहवाल सांगतो, तेव्हा मंडळाचा मासेमारीचा परवाना रद्द का करू नये? इंदापूरला येऊन सांगा. आणि सोबत पुरावा म्हणून तीन उन्हाळ्यांचे माझे तीन अहवाल जोडलेले. प्राणवायू समाधानकारक, समाधानकारक, समाधानकारक. खाली लफ्फेदार सही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, “तात्या, मासे मरतात हे मला कधी बोलला नाहीत?”

“पहाटं या म्हणलं व्हतं की.”

“पण नीट सांगायचं तरी!”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुमी पावण्या. शिकल्या-सवरल्या. घरी आलेल्या माणसाला, तुझं चुकतंय, असं कसं म्हणायचं?” मग पिशवीची घडी घालत, “तुमी खोटं न्हाय लिवलं, बाई. पर मासं बी खोटं न्हाय मेलं.”

ते गेले आणि मी नमुन्यांची वही काढली. त्यात वेळेचा एक रकाना असतो. मीच भरलेला, माझ्याच अक्षरात. अकरा दहा. अकरा वीस. साडेअकरा. अकरा दहा. पानामागून पानं उलटली, सगळीकडे अकरा. आणि मी अक्षरशः डोक्याला हात लावून बसले.

कारण हे शेवाळ म्हणजे हिरवी झाडंच. ऊन पडलं की ती प्राणवायू सोडतात, अकरा वाजता पाणी त्याने नुसतं भरलेलं असतं. पण अंधार पडला की तीच झाडं प्राणवायू खातात. रात्रभर खात राहतात. उजाडायच्या आधी पाण्यात काही उरत नाही आणि मासे तोंडं वर काढून तडफडतात. हे मी पहिल्या वर्षी पुस्तकात शिकले होते. नव्या मुलांना खडूने फळ्यावर काढून शिकवलंही होतं. आणि स्वतः मात्र दर महिन्याला पोहे खाऊन अकरा वाजता जात होते. साळसूदपणे चहा झाला, चहा झाला म्हणत होते. लाज वाटली. अजून वाटते.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी आणि बबन वस्तीवर मुक्कामाला गेलो. काकींना वाटलं सणच आहे. मी बजावून सांगितलं, पहाटे मला उठवा आणि उठल्यावर काहीही खायला द्यायचं नाही, सरळ होडी.

पहाटे चारला काकींनी हाक मारली. बाहेर येऊन बघते तर चूल पेटलेली, कांदा चिरलेला.

“काकी!”

“आवं, चार घास खायला कितीसा येळ लागतोय?”

“तुमच्या चार घासांनीच तात्यांचा परवाना चाललाय!”

हे बोलायला नको होतं. काकी विळीवरून उठल्या. विळीवरचा कांदा तसाच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं समजावून सांगितलं, ऊन, शेवाळ, अकरा वाजता. त्यांनी ऐकून घेतलं. मग डब्यातून गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाल्या, “ह्यो चालंल न्हवं? हा. आता जावा. आधी बाटली, मग पव्हं.”

बाभळींजवळ पोचलो तेव्हा पूर्वेला जेमतेम फटफटत होतं. तात्यांनी वल्हं उचललं आणि बोट ओठांवर ठेवलं. पाण्यातून बारीक चपचप आवाज येत होता, चहूबाजूंनी. बॅटरी मारली. शेकडो तोंडं पाण्याच्या वर, उघडमीट, उघडमीट. चिलापी, कटला, लहान मोठे सगळे. काही आधीच उलटे झाले होते.

“हे रोज?”

“उन्हाळ्यात, वारा पडला की रोज,” तात्या म्हणाले.

मी बाटली भरली. बुडबुडा नाही ना, दोनदा बघितलं. औषधं सोडली, बूच लावलं, हलवली. बॅटरीच्या उजेडात बाटली धरली. आत साका धरला तो पांढराशुभ्र.

“दूध,” तात्या म्हणाले. काकींनी घरी शिकवलं असणार.

मला हसू आलं आणि रडूही आलं. इतकं वाईट पाणी बघून आनंद झालेली मी पहिलीच बाई असेन. आणखी एक बाटली भरून घेतली, मग किनाऱ्याला येऊन पोहे खाल्ले, आणि अकरा वाजता पुन्हा तीच होडी, तीच बाभळ, तशीच बाटली. चहा! चांगला दाट.

सुनावणी दुपारी इंदापूरला होती. बाटल्या बबनच्या शेजारी टोपलीत, ओल्या फडक्यात. एरवी खड्डा दिसला की मुद्दाम त्यातून जीप नेणारा हा माणूस, त्या दिवशी बैलगाडीच्या चालीने आला. तात्या आणि काकी मागं. काकींनी हट्टाने यायचं ठरवलं होतं, ठेवणीतलं लुगडं नेसून.

सुनावणी घेणारे मोठे साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान, पण खुर्ची मोठी. त्यांनी माझे अहवाल समोर धरले. “मॅडम, हे तुमचेच ना? मग विषय संपला.”

मी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एक पांढरी, एक तपकिरी. म्हटलं, “साहेब, दोन्ही आजच्या. जागा एक, होडी एक, हात एक. ही पहाटेची, ही अकराची. पांढरीत प्राणवायू नाही, तपकिरीत भरपूर आहे. मासे पहाटे मरतात. औषध कुणी टाकलेलं नाही. पाणीच गुदमरतंय.”

“यातली बरोबर कुठली?”

“दोन्ही.”

“मग तुमचे तीन वर्षांचे अहवाल चूक?”

“आकडे बरोबर आहेत. माझी वेळ चुकली.”

“दर महिन्याला एकच वेळ कशी चुकली?”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. जीप उशिरा निघायची, रस्ता खराब, मनुष्यबळ कमी, अशी दहा कारणं मला तोंडपाठ होती आणि साहेबांनी ती मुकाट्याने लिहून घेतली असती. पण समोर तात्या उभे होते. तीन वर्षं मला चूक न म्हणता.

“पोहे, साहेब,” मी म्हटलं.

“काय?”

“यांच्या घरी मी आधी पोहे खायची, मग नमुना घ्यायची. म्हणून दर वेळी अकरा वाजायचे. हे पहाटे या म्हणून सांगत होते, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. लिहून घ्या.”

आधी कारकून हसला, मग साहेब, मग सगळी खोली. तात्या हसले नाहीत. मागून काकींचा आवाज आला, “साहेब, बाईंस्नी काय बोलू नगा. खायला मीच लावत व्हते. उपाशी माणूस बघवत न्हाय मला.” साहेबांनी तेही लिहून घ्या म्हणून सांगितलं. सरकारी कागदावर पोह्यांची नोंद झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

नोटीस मागे घेतली गेली. परवाना राहिला. माझ्या जिवात जीव आला. मला एक कडक पत्र मिळालं, ते मी आनंदाने सही करून घेतलं. आणि उन्हाळ्यातला नमुना सूर्योदयाआधी घ्यायचा, असा नियम आमच्याकडे लागू झाला. बाहेर आल्यावर तात्या इतकंच म्हणाले, “चला, आता च्या घेऊ. खरा.”

पाणी सुधारलं का, असं विचाराल तर खोटं सांगणार नाही. सांडपाण्याची फाईल वर गेली. फायलींना वर जायला वेळ लागतो आणि खाली यायला त्याहून जास्त. उन्हाळ्यात पाणी अजून हिरवं होतं. मी निवृत्त होईपर्यंत पहाटेचे नमुने घेत राहिले, खरं ते लिहीत राहिले. पण ते तीन उन्हाळे परत येणार नाहीत. तेव्हाच लिहिलं असतं तर फाईल तीन वर्षं आधी निघाली असती, हे मनातून जात नाही.

यंदा चैत्रात काकींचा फोन आला. माझ्या जागी एक नवी मुलगी रुजू झाली आहे, हुशार आहे म्हणतात. ती पहिल्यांदाच वस्तीवर गेली होती, पहाटेचा नियम अजून तिच्या कानावर नव्हता.

“काल अकराला आली, बाई. भर उन्हात. म्हणाली, नमुना घ्यायचाय.”

“मग?”

“म्हणलं, ही येळ न्हाय. उद्या पहाटं या. तिचं तोंड एवढंसं झालं, वाईच काय खायला हाय का म्हणली. मी म्हणलं, न्हाय. पव्हं केलंच न्हाईत.” काकींचा आवाज बारीक झाला. “जल्मात पयल्यांदा माझ्या दारातनं माणूस उपाशी धाडलं. दिसभर मला घास ग्वाड लागला न्हाय बघा.”

मी विचारलं, “आली का ती परत?”

“आली की! चारलाच आली. ह्यांनी न्हेली होडीत.”

“काय झालं काकी, चहा का दूध?”

“दूध,” काकी म्हणाल्या. मग पलीकडे भांड्याचा आवाज आला, आणि मागून कुणीतरी मुलगी हसली. “पर लिवलं तिनं, बाई. चुलीपुढं बसून, येळ घालून लिवलं. आता खातीय बघा, दुसरी बशी.”